पुलावरचा पिवळा आकडा

शीतयुद्धाच्या काळात पश्चिम जर्मनीत पुलांच्या तोंडाशी गोल पिवळ्या पाट्या लागल्या. काळी कडा, रणगाड्याचं किंवा ट्रकचं चित्र, बाण आणि एक आकडा. साध्या मोटारचालकाने त्याकडे पाहिलं नाही तरी चालतं. हे बंधन फक्त लष्करी वाहनांना आहे. शीतयुद्ध संपून तीन दशकं उलटली, तरी कित्येक पाट्या अजून जागेवर आहेत.

आकडा टनांचा वाटतो, पण तो वजन नव्हे, वर्ग आहे. नाटोच्या मानकात ४ ते १५० असे १६ वर्ग आहेत. प्रत्येक वर्गासाठी दोन काल्पनिक वाहनं ठरवलेली आहेत, एक पट्ट्यांवर चालणारं आणि एक चाकांचं. दोन का, हेच समजून घेण्यासारखं आहे. रणगाड्याचं ओझं लांब पट्ट्यांवर पसरतं. ट्रकचं मोजक्या आसांखाली एकवटतं. आखूड पुलाला एकच जड आस भारी पडू शकतो, लांब गाळ्याला मात्र सगळं वजन एकत्र जाचतं. म्हणून अभियंते पूल या काल्पनिक वाहनांवर तपासून वर्ग ठरवतात, आणि खऱ्या वाहनाचा वर्गही त्यांच्याशीच ताडून निघतो. सुमारे ५५ टनांचा लेपर्ड २ रणगाडा साधारण ६० च्या वर्गात बसतो.

एवढी किचकट आकडेमोड चालकापर्यंत येते ती एका तुलनेच्या रूपात: माझा आकडा पुलाच्या आकड्याहून मोठा नाही ना? मला यातली ही सोय फार मोलाची वाटते. घाईत, अंधारात, परक्या मुलखातही ती चालते. बाण दोन असतील तर दोन्ही दिशांची वाहतूक धरलेली असते. एकच असेल तर समोरची वाहनं थांबवून एकेरी जायचं. अशा वेळी मोठा आकडा चालतो.

आपल्याकडे लष्कराच्या ट्रकवर पुढे दिसणारी आकड्याची पिवळी तबकडी याच कामाची. आपले नागरी पूलही रणगाड्याला विसरलेले नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातल्या ‘७० आर’ भारात ७० टनांचं, पट्ट्यांवर चालणारं एक वाहन आहे. अशा दोन वाहनांत किमान ९० मीटर अंतर धरलेलं असतं, त्यामुळे नेहमीच्या लांबीच्या एका गाळ्यावर दोन्हींचं ओझं एकदम येत नाही.