‘ळ’ शिकलेल्या इंग्रजीच्या बाई

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडलं की इंदापूर तालुक्यातलं डाळज लागतं. एक नव्हे, नंबर १, नंबर २ आणि नंबर ३ अशी तीन डाळज. इथल्या माणसाला या नावात अवघड काही वाटत नाही. पण इंग्रजी बोलत वाढलेल्या पाहुण्याला ते म्हणायला लावावं. ‘ड’साठी जीभ टाळूकडे वळवावी लागते. ‘ळ’ तर त्याच्या भाषेत नाहीच. आणि ‘ज’? ‘जीव’मधला वेगळा, ‘जाळं’मधला वेगळा, कागदावर मात्र दोन्ही सारखेच. उजनी धरणाच्या पाण्यात जाळं टाकणाऱ्याला हा फरक कुणी शिकवलेला नसतो. बाहेरून येणाऱ्याला तो ऐकून ऐकूनच कमवावा लागतो.

तो कमावणाऱ्या एक शिक्षिका इथून फार लांब राहत नव्हत्या. डाळजहून भिगवण, मग बारामती आणि पुढे नीरा ओलांडली की फलटण. तिथल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना डॉ. मॅक्सिन बर्नसन ‘मॅक्सिनमावशी’ म्हणून ठाऊक आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वाढलेल्या या बाई १९६१ साली भारतात आल्या, त्या हैदराबादच्या विवेकवर्धिनी कॉलेजात इंग्रजी शिकवायला. निजामाच्या राजवटीत मराठी मंडळींनी उभी केलेली ही संस्था. शहर उर्दू आणि तेलुगूचं, संस्था मराठी माणसांची आणि शिकवायचं इंग्रजी!

परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेल्या माणसाची एक मोठी सोय असते आणि तीच त्याला नडते. जो भेटेल त्याला त्याच्याशी इंग्रजीच बोलायचं असतं. दुकानदार दोन शब्द जुळवतो, शेजारी मुलाला पुढे करतात, विद्यार्थी तर त्यासाठीच आलेले असतात. अशी दहा वर्षं सहज निघून जातात आणि माणूस त्या गावात पाहुणाच राहतो. बर्नसनबाईंनी ही सोय नाकारली. त्या मराठी शिकल्या, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषाविज्ञानाकडे वळल्या आणि १९६६ मध्ये अभ्यासासाठी फलटणला आल्या.

अभ्यास होता फलटणच्या बोलण्याचा. पुस्तकातल्या मराठीचा नव्हे, पेठेत आणि वस्तीत बोलल्या जाणाऱ्या मराठीचा. एकाच गावात कुणी ‘पाणी’ म्हणतं, कुणी ‘पानी’. कुणाचं ‘होतं’, कुणाचं ‘व्हतं’. गावातल्या बोलण्यात असे फरक कसे पडतात आणि जात, शिक्षण यांच्याशी त्यांचा काय संबंध असतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. १९७३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. ज्यांच्या बोलण्याला ‘गावंढळ’ म्हणून हसलं जातं, त्यांचं बोलणं कुणीतरी इतक्या आस्थेनं टिपून घ्यावं, ही लहान गोष्ट नाही.

फलटणमध्ये त्यांना जोडीदार मिळाल्या जाई निंबकर. इरावती कर्वे यांची ही मुलगी स्वतः इंग्रजीत लिहिणारी कादंबरीकार. दोघींनी मिळून परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं, व्याकरण आणि मराठी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. अमेरिकेतून मराठी शिकायला येणाऱ्या अनेकांचा हात या पुस्तकांनी धरला. इंग्रजी शिकवायला आलेल्या बाई आता इंग्रजी बोलणाऱ्यांना मराठी शिकवत होत्या.

१९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं.

पण त्यांचं सगळ्यात मोलाचं काम याच्या पुढचं आहे. वस्तीतली मुलं शाळेत जात, वर्ष-दोन वर्षं बसत आणि गळत. कारण शोधायला लांब जावं लागत नव्हतं : त्यांना वाचता येत नव्हतं. घरी ‘पानी’ म्हणणारं मूल वर्गात तोंड उघडतं, लगेच ‘असं नाही म्हणायचं’ ऐकतं आणि तोंड मिटतं. परक्या भाषेत धडपडलेल्या माणसाला हे मिटलेलं तोंड ओळखता येतं. या मुलांना शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली, कमला निंबकर बालभवन. इथे ‘क’ ते ‘ज्ञ’ आधी घोकून घेण्याचा आग्रह नव्हता. थोडी अक्षरं, त्यांच्यासोबतच एखादी मात्रा आणि लगेच अर्थाचे शब्द. पाटीवर क, म, ल ही तीन अक्षरं आणि काना एवढंच आलं, तरी ‘काका’, ‘मामा’, ‘काम’, ‘कमाल’, ‘मला’ वाचता येतं. पहिल्याच आठवड्यात मुलाला कळतं की वाचणं म्हणजे आपल्याच घरातलं काहीतरी कागदावर भेटणं.

शाळेला ज्यांचं नाव आहे, त्याही दुसऱ्या देशातून आलेल्या. एलिझाबेथ लंडी या अमेरिकन क्वेकर बाई लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५० मध्ये मुंबईत त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. जाई निंबकरांच्या त्या सासूबाई.

उलट दिशेचा प्रवासही जुना आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येनं गेले. आज आखातात आणि मालदीवमध्ये आपल्याकडचे शिक्षक आहेत. दक्षिण कोरियात मात्र इंग्रजी संभाषण शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः ज्या सात देशांच्या नागरिकांना मिळतो, त्यांत भारत नाही. तिथे आधी पासपोर्ट बघतात, मग शिकवणं. बारामती-इंदापूरकडून अशा नोकरीला निघणाऱ्या मुलामुलींनी कागदपत्रांच्या फायलीइतकीच तिथल्या भाषेची तयारी करावी, असं मनापासून वाटतं.

उजनीच्या पाण्यात ज्यांची गावठाणं गेली, त्यांना या भागात नव्या जागी बस्तान बसवणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून वर येतं. त्या कुटुंबांचं घर, रान, वाट बदलली. बोली मात्र संसाराबरोबर आली. परदेशी जाणाऱ्याची तीच मागे राहते. त्याला बाजारात भाजी मागण्यापासून सुरुवात करावी लागते, चाळिशीच्या माणसालासुद्धा पहिलीतल्या मुलासारखी.

बर्नसनबाई पुढे पुन्हा हैदराबादला गेल्या. ज्या शहरात इंग्रजीच्या तासाला त्या भारतात पहिल्यांदा उभ्या राहिल्या होत्या, तिथेच टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं. विषय होता, लहान मुलं आपल्या भाषेत वाचायला कशी शिकतात.