एका फाईटचे पैसे किती?

आज बचतीच्या वहीतून निघालेला, पण जरा वेगळाच विषय घेऊन आलो आहोत. बॉक्सिंगचा. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

मागे नांदगाव पेठमधल्या आमच्या एका गटाची बैठक होती. एका ताईचे बचतीचे १०० रुपये आले नाहीत. कधी न चुकणारी बाई. विचारलं तर म्हणाली, "माह्या खात्यातले पैसे कोण काढते, काई समजत नाई. लाडक्या बहिणीचे पैसे आले का दुसऱ्या दिवशी कटतेत." पासबुक भरून आणायला सांगितलं. आठ महिन्यांत आठ वेळा ९९ रुपये गेले होते. म्हणजे ७९२ रुपये, जवळजवळ आठ महिन्यांची बचत. कुणी चोरले नव्हते. तिची मुलगी बॉक्सिंगचा सराव करते. तिने एक मोठी लढत पाहण्यासाठी आईच्या मोबाईलवर एका ॲपचा प्लॅन घेतला होता. लढत पाहून झाली, ॲप काढून टाकलं, पैसे मात्र कटतच राहिले. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मले फक्त एकच फाईट पाह्यची होती."

बैठकीत दोन-तीन जणी लगेच म्हणाल्या, पोरीच्या जातीला हे खूळ कशाला? आम्हाला ते पटलं नाही. घरातली माणसं क्रिकेटसाठी रिचार्ज मारतात तेव्हा आपण बैठक घेत नाही. आणि आपल्या वऱ्हाडात बॉक्सिंग काही परकं नाही. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत ते शिकवतात. बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे तिथेच घडला आणि २०१९ मध्ये त्याने इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत मेरी कोमनेही सुवर्ण घेतलं. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत महिलांची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा नीतू घंघास, स्वीटी बूरा, निखत झरीन आणि लवलिना बोरगोहेन अशा चौघींनी सोनं जिंकलं. शिकणाऱ्या मुलीने असा खेळ पाहिलाच पाहिजे. पाय कसा टाकतात, हात खाली आला की काय होतं, हे नुसतं सांगून कळत नाही. तेव्हा पाहायचं की नाही हा प्रश्नच नाही. कसं पाहायचं आणि किती पैशांत, एवढंच ठरवायचं होतं.

पैसे घेण्याच्या दोन रीती आहेत. एक, एका लढतीचे वेगळे पैसे, जत्रेतल्या तमाशाच्या तिकिटासारखे. याला पे-पर-व्ह्यू म्हणतात. अमेरिकेत ही रीत फार चालली. २०१५ च्या मे महिन्यात मेवेदर आणि पॅकियाओ यांची लढत झाली, तेव्हा घरी बसून चांगल्या चित्रात पाहायला जवळजवळ १०० डॉलर मोजावे लागत. त्या वेळच्या भावाने सहा हजारांच्या वर, एका रात्रीचे! तरी ४६ लाख घरांनी ते भरले. दुसरी रीत महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या वर्गणीची. पैसे भरले की त्यात जे येईल ते पाहा. आता मोठ्या लढतीही या रीतीत येऊ लागल्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची लढत नेटफ्लिक्सवर आली, वेगळं तिकीट नव्हतं. त्याच रात्री केटी टेलर आणि अमांडा सेरानो या दोघी लढल्या, आणि आपल्या हरियाणाचा नीरज गोयतही जिंकला. काही ॲप मात्र दोन्हीकडून घेतात. डॅझनवर महिन्याचे पैसे भरूनही काही मोठ्या लढतींचे वेगळे द्यावे लागतात. आपल्याकडे फॅनकोडसारखं ॲप एकेका सामन्याचा किंवा स्पर्धेचा पासही विकतं.

मग स्वस्त काय? आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. नेटफ्लिक्सचा मोबाईलपुरता प्लॅन महिन्याला १४९ रुपयांचा. एका महिन्यासाठी घेऊन बंद केला तर १४९, विसरलो तर वर्षाचे १,७८८. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा मोबाईल प्लॅन तीन महिन्यांना १४९ आणि वर्षाला ४९९ होता. भाव बदलत राहतात, म्हणून घ्यायच्या दिवशी पुन्हा पाहावं. मुलीला विचारलं, वर्षात तुला खरंच पाहायच्या लढती किती? ती म्हणाली, तीन-चार. ज्याला दर आठवड्याला पाहायचं आहे त्याला वर्षाची वर्गणी परवडते. तीन-चार लढतींसाठी त्या-त्या वेळी पास किंवा एक महिना घेणं बरं. मात्र लढत कोणत्या ॲपवर आहे हे आधी विचारून घ्यावं. एका ॲपचे पैसे भरले आणि लढत दुसऱ्यावर, असंही होतं.

रिचार्जही यात धरायला हवा. साध्या चित्राला तासाला पाऊण जीबीच्या आसपास जातो, एकदम स्वच्छ चित्राला तीन जीबीपर्यंत. ऑलिंपिकची लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, मधली विश्रांती धरून ११ मिनिटांची. तेवढीच पाहिली तर काही नाही. पण चार तास चालू ठेवलं तर रोजचा दीड जीबी कुठल्या कुठे.

आता फुकटचं सांगतो. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे नसतात. छत्री आणि डबा बसवायला एकदाच दीड-दोन हजार लागतात. त्यावर डीडी स्पोर्ट्स दिसतं. २००७ चा एक कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावंच लागतं. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा त्यात येतात. २०२६ मध्ये जुलै-ऑगस्टला ग्लासगोमध्ये राष्ट्रकुल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला जपानमध्ये आशियाई स्पर्धा आहेत, दोन्हींत बॉक्सिंग आहे. प्रत्येक लढत लागेलच असं नाही, पण आधी तिथे पाहावं, मग पाकिटाला हात लावावा. मात्र व्हॉट्सॲपवर "फुकट लाईव्ह" म्हणून येणाऱ्या लिंकला बोट लावू नका. ओटीपी, कार्डाचा नंबर मागितला की समजायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

शेवटी त्या ९९ रुपयांचं. ॲप काढलं म्हणजे पैसे थांबत नाहीत, कारण आपण ऑटोपेला परवानगी दिलेली असते. पंधरा हजारांच्या आतल्या रकमेला दर वेळी पिन मागत नाहीत. मात्र पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज इंग्रजीत येतो आणि आपण पुसून टाकतो. ज्या ॲपने आपण यूपीआयचे पैसे देतो, त्यातच ऑटोपे नावाची जागा असते. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात, आणि पिन टाकून आपणच त्या बंद करू शकतो. कुणाला विचारावं लागत नाही.

त्या दिवशी ताईची परवानगी बैठकीतच बंद केली. मग बाकीच्यांनीही आपापले मोबाईल उघडले, आणि आणखी दोघींचे पैसे असेच कटत असल्याचं दिसलं. एकीचे भजनाच्या ॲपचे, दुसरीचे नातवाच्या गेमचे. ताईची थकलेली बचत पुढच्या दोन बैठकांत आली. ग्लासगोच्या लढती ज्या घरी फ्री डिश आहे तिथे बसून पाहायचं ठरलं आहे. चहा त्या घरचा, चिवडा आपापला. मुलीने लढतींच्या तारखा लिहायला गटाच्या वहीचं एक पान मागून घेतलंय.