गुटी कलमाचे मॉस : ओळख आणि वर्गीकरण

डाळिंब, पेरू किंवा कागदी लिंबाची गुटी बांधताना साल काढलेल्या भागाभोवती जो ओला गोळा बसवतात, त्याला आपण सरसकट 'शेवाळ' म्हणतो. विहिरीच्या पायरीवरील बुळबुळीत शेवाळाशी त्याचा संबंध नाही. त्या शेवाळाला खोड नसते, पाने नसतात. गुटीसाठी हवे ते स्फॅग्नम, म्हणजे मॉस गटातील वनस्पती. विक्रेत्याकडील पोत्यात मात्र पुष्कळदा भलतेच मॉस असते. ते लवकर सुकते आणि गुटी मुळ्या न फुटताच वाळते. म्हणून ही ओळख शेतकरी बंधूंनी करून घेणे फायद्याचे आहे.

स्फॅग्नमचे पान एका पेशीच्या जाडीचे असून त्याला मधली शीर नसते. पानात दोन प्रकारच्या पेशी असतात. हिरव्या, अरुंद, जिवंत पेशींचे जाळे आणि त्या जाळ्याच्या घरांत मोठ्या, मृत, पोकळ पेशी. पोकळ पेशींच्या भिंतींना छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत शिरते. पेशी चेपू नयेत म्हणून आतून जाड पट्ट्यांचा आधार असतो. पेशी मृतच असल्याने वाळलेले मॉसही तितकेच पाणी धरते, कोरड्या वजनाच्या साधारण १५ ते २० पट. शिवाय ही वनस्पती भोवतालचे पाणी आम्लधर्मी करते. त्यामुळे कुजविणाऱ्या जिवाणूंची वाढ मंदावते.

स्फॅग्नमचा वर्ग इतर मॉसपेक्षा वेगळा मानतात, तो उगाच नव्हे. वाढलेल्या रोपाला मूलकेस नसतात, फांद्या झुपक्याने येतात, शेंड्याला दाट गोंडा असतो. बीजाणूंची कुपी वाळताना फुटते आणि बीजाणू जोराने वर उडतात. या प्रजातीत सुमारे ३०० जाती असून फांदीवरील पानांचा आकार व हिरव्या पेशींची जागा पाहून त्यांचे विभाग पाडतात. आपल्याला महत्त्वाचा तो जाड, होडीसारख्या पानांचा विभाग. न्यूझीलंड व चिली येथून व्यापारात येणारे मॉस प्रामुख्याने याच विभागातील आहे. भारतात स्फॅग्नम हिमालयात व ईशान्येकडील थंड, ओलसर डोंगराळ भागांत आढळते.

खरेदीपूर्वी मूठभर मॉस भिजवून पिळावे. स्फॅग्नम फिकट रंगाचे असते आणि सोडताच स्पंजासारखे फुगते. भिंगातून पानात मधली शीर दिसली, तर माल परत करावा.

वापरताना मॉस भिजवून घट्ट पिळून घ्यावे. पाणी ठिबकत असेल तर हवा कोंडते व साल सडते. पारदर्शक पॉलिथिनने दोन्ही टोके आवळून बांधली की पुन्हा पाणी घालावे लागत नाही आणि मुळ्या बाहेरून दिसतात. हाताला जखम असल्यास मोजे घालावेत. या मॉसवरील एका बुरशीमुळे त्वचारोग होतो. अमेरिकेत १९८८ साली रोपे बांधणाऱ्या कामगारांत त्याची साथ आली होती.