टायर घ्यायला बाईमाणूस?

आमच्या महिला मंडळाच्या बोलेरोचे टायर पार गोटा झाले होते. जव्हारकडच्या पाड्यांवरून दिवस भरलेल्या बाईला दवाखान्यात आणायचं, तेही पावसाळ्यात, म्हणजे घाट, चिखल, दगड सगळंच आलं. तिथे गाडी घसरली तर दोन जिवांशी गाठ. म्हणून यंदा मृगाआधी टायर आणायला मी स्वतःच गेले.

दुकानदार सगळं बोलायचा ते ड्रायव्हरदादांकडे बघून. मला फक्त चहा! पण मैत्रिणींनो, साडीचा पोत बोटांनी ओळखणाऱ्या आपल्याला हे काय अवघड? टायरच्या कडेवर माप असतं. आमचं २१५/७५ आर १५. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बाद. आणि मुख्य म्हणजे 'डीओटी' या इंग्रजी अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे बघायचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. "ताजा माल आहे ताई," म्हणत त्याने पुढे केलेला टायर नेमका तोच निघाला! न वापरताही रबर कडक पडतं हो. "भाऊ, हा नको," म्हटल्यावर गोदामातून दुसरे आले.

आम्ही ऑल टेरेन घेतले. खाचा रुंद, त्यामुळे चिखलात पकड चांगली. डांबरी रस्त्यावर मात्र घरघरतात, डिझेलही थोडं जास्त लागतं. रोज शाळा-बाजारच असेल तर कशाला हवेत ते? अलाइनमेंट, बॅलन्सिंग समोर उभं राहून करून घेतलं, बिल पक्कं, मंडळाच्या नावाने. आणि हो, निघताना स्टेपनीची हवाही तपासायला लावली.