सूर थांबवणारी लोकर

पट्टी सोडली तरी सूर रेंगाळतो आणि पुढच्या सुरात मिसळून गढूळ होतो, ही उभ्या पियानोची जुनी तक्रार. अमरावती-अकोल्याच्या हवेत तिला खतपाणीच मिळते. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे, आणि पाऊस लागला की लाकूड फुगते.

भजनी मंडळाच्या पेटीत हा प्रश्न येत नाही. पट्टी सुटली की झडप मिटते, हवा तुटते, सूर थांबतो. पियानोची तार मात्र हातोडी बसल्यावर आपसूक कंप पावत राहते. तिला गप्प करायला लोकरीच्या फेल्टची गादी, म्हणजे डॅम्पर, तारेवर टेकावीच लागते. आडव्या ग्रँड पियानोत ती स्वतःच्या वजनाने तारेवर पडते. उभ्या पियानोत तारा उभ्या, म्हणून सगळी मदार एका बारीक स्प्रिंगवर.

जुन्या इंग्लिश पियानोंत तर डॅम्पर हातोडीच्या वर, तारेच्या टोकाजवळ असत. टोकाशी तार फारशी हलत नाही. तिथे दाबून सूर पुरता विझत नाही. अशा पियानोत कितीही दुरुस्ती केली तरी थोडी गुंज उरते.

तार आणि हातोडीच्या या भौतिकशास्त्रात एका भारतीयाचा वाटा आहे. अर्थखात्यातले अधिकारी म्हणून चं. वें. रामन 1910 साली नागपुरात होते. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. पुढे कोलकात्यात बी. बॅनर्जी यांच्यासह त्यांनी पियानोच्या हातोडीच्या आघातावर लिहिलेला निबंध 1920 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. व्हायोलिन, वीणा, मृदंग यांवरही त्यांनी काम केले. शाळेच्या पुस्तकात मात्र रामन म्हणजे प्रकाशाचे विकिरण एवढेच उरतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दुरुस्तीचा क्रम सोपा आहे. वरच्या टोकाच्या साधारण अठरा-वीस सुरांना डॅम्पर नसतोच. तिथे सूर रेंगाळला तर तो दोष नव्हे. सगळेच सूर घुमत असतील तर पेडलचा दांडा डॅम्परना सतत उचलून धरतो आहे. त्याला थोडी ढील द्यावी. एखादाच सूर घुमत असेल तर फेल्ट तारेवर सरळ टेकतो का, कसरीने खाल्ला आहे का, स्प्रिंग मोडली का, दमटपणाने सांधा आवळला का, हे पाहावे. हातोडी तारेच्या निम्म्या वाटेवर आली की डॅम्पर उचलला जाऊ लागला पाहिजे. तो त्याआधीच सुटला तर पट्टी जड लागते.

सांध्यांना तेल मात्र कधीही घालू नका. ते कापडी अस्तरात मुरते, धूळ धरते आणि सांधा पहिल्यापेक्षा घट्ट बसतो.