रविवारी शर्यत, सोमवारी दुकान

मोटारींची शर्यत हा श्रीमंतांच्या पोरांचा छंद, असे आपल्याकडे समजले जाते. ते खोटे नाही. पण या छंदावर पाना, हातोडी आणि वेल्डिंगची कांडी धरणाऱ्या किती हातांना काम मिळते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. सोलापुरातील गॅरेजवाले, डेंटिंग-पेंटिंगवाले, टायरवाले आणि सीट कव्हर शिवणारे बंधू यांच्यासाठी तो आज मांडतो आहोत.

या शर्यतींचा एक प्रकार म्हणजे टूरिंग कार. दिसायला मोटार रस्त्यावरचीच, आत मात्र सारे बदललेले. आपल्या महाराष्ट्राचा यात वाटा आहे. फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये कंपनीने पोलो कप ही शर्यतमालिका काढली. सगळ्यांना एकसारखी डिझेल पोलो, जिंकायचे ते चालवण्याच्या हुन्नरावर. पुढे २०१५ मध्ये व्हेंटो आणि २०१७ मध्ये अमिओ आली. गाड्या पुणे जिल्ह्यातल्या, पण धावायच्या मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथे किंवा कोइमतूरला. कारण मोटारींच्या राष्ट्रीय स्पर्धांचे मैदान तिकडे आहे.

कोइमतूर हे सोलापूरसारखेच गिरण्यांचे शहर. तिथल्या एस. करिवर्धन या गिरणीमालकाच्या घरातल्या माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे इंजिन बसवून 'फॉर्म्युला मारुती' ही शर्यतीची गाडी बनवली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. २००३ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ट्रॅकला त्यांचे नाव आहे. गिरणीच्या पैशातून दुसरा हुन्नर उभा राहतो तो असा.

पण या धंद्याचा बाजार पाहायचा तर ऑस्ट्रेलियात जावे लागते. न्यू साउथ वेल्स राज्यात बाथर्स्ट नावाचे गाव आहे. गावालगत माउंट पॅनोरमा हा डोंगर आणि त्याला वळसा घालणारा ६.२१३ किलोमीटरचा रस्ता. एरवी हा सरकारी रस्ता आहे. कडेला घरे, द्राक्षमळे, आणि वेगाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर. ऑक्टोबरात मात्र १६१ फेऱ्यांची, हजार किलोमीटरची शर्यत येथेच होते. एका गाडीला दोन चालक, आळीपाळीने. १९६३ पासून ही शर्यत इथे आहे. आधी ५०० मैलांची होती, १९७३ मध्ये हजार किलोमीटरची झाली. डोंगरावर तंबू ठोकून लोक मुक्कामाला येतात. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआँभोवती जशी गर्दी असते, तशीच ही गर्दी. फक्त विहीर डोंगराएवढी.

खरी परीक्षा रविवारच्या आधी असते. सराव किंवा पात्रता फेरीत गाडी भिंतीवर आदळली की रात्रभर मिस्त्री जागतात. चेसिसची नळी सरळ करायची, पत्रा बदलायचा, इंजिन उतरवून पुन्हा बसवायचे. सकाळी गाडी रांगेत उभी राहिली पाहिजे. आठ दिवसांनी या, असे इथे सांगता येत नाही. शिवाय प्रत्येक टायर किती फेऱ्या चालला, कोणता भाग कधी बदलला, हे सारे लिहून ठेवलेले असते. आमच्या मते आपल्या गॅरेजांत हुन्नर कमी नाही. कमी आहे ती ही वही.

डिक जॉन्सन हा ब्रिस्बेनचा पेट्रोल पंप आणि गॅरेज चालवणारा माणूस. १९८० मध्ये कर्ज काढून बनवलेली फोर्ड घेऊन तो बाथर्स्टला आघाडीवर होता. तेवढ्यात रस्त्यावर आलेल्या दगडावर आदळून गाडीचा चुराडा झाला. दूरदर्शनवर त्याची अवस्था पाहून लोकांनी फोनवरून वर्गणी देऊ केली, सुमारे ७२ हजार डॉलर जमले. फोर्ड कंपनीने तेवढीच भर घातली. १९८१ मध्ये त्याच माणसाने ही शर्यत जिंकली.

'रविवारी जिंका, सोमवारी विका' हे मोटारविक्रेत्यांचे जुने वाक्य. ऑस्ट्रेलियात होल्डन आणि फोर्ड या दोन नावांवर घराघरांत वाद होत. होल्डन जनरल मोटर्सची. मग आयात कर उतरले, देशी चलन महाग झाले आणि गिऱ्हाईक बाहेरच्या लहान मोटारींकडे वळले. फोर्डने २०१६ मध्ये तिथले उत्पादन थांबवले. २० ऑक्टोबर २०१७ रोजी होल्डनचा एलिझाबेथ येथील कारखाना बंद झाला. त्यानंतर बाहेरून आणलेल्या मोटारींवर होल्डनचा बिल्ला लावून विक्री चालली. २०२० मध्ये ते नावही मोडीत निघाले. डोंगरावरची गर्दी तेवढीच, जिंकणाऱ्यांचा जयघोष तेवढाच, आणि कारखान्याला कुलूप. २०२३ पासून होल्डनच्या जागी कॅमारो धावू लागली, जी तेव्हा तिथल्या शोरूममध्ये विकायलाच नव्हती.

याच जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि २०२० च्या अखेरीस तळेगावचा कारखाना बंद केला. कामगारांचा नुकसानभरपाईचा तंटा चिघळला. ती जागा पुढे ह्युंदाईने घेतली. चाकणची पोलोही २०२२ मध्ये बंद झाली.

सोलापूरकरांना हे नवे नाही. जुनी मिल बंद पडून कित्येक दशके लोटली, तरी तो परिसर त्याच नावाने ओळखला जातो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही यंत्रमागवाल्यांची तक्रार जुनीच आहे. नाव बाजारात फिरते, माग इथे थांबतो.

ऑस्ट्रेलियात कारखाने गेले, पण शर्यतीच्या कार्यशाळा टिकल्या. डिक जॉन्सनची संस्था आजही या मैदानात आहे. आता कंपनी गाडी बनवून देत नाही. नळ्या जोडून, पत्रे चढवून ती उभी करण्याचे काम अशाच ठिकाणी होते. आपल्याकडेही मारुती एस्टीमचे उत्पादन २००७ मध्ये थांबले, पण भारतीय टूरिंग कारच्या शर्यतींत ती त्यानंतर वर्षानुवर्षे धावत राहिली. ते इंजिन डोळे मिटून खोलून बसवणारे उस्ताद सोलापुरात आजही सापडतील.