कृष्णविवर गरगर फिरतंय? मग ‘तो’ कण अस्तित्वात नसावा!

23 नोव्हेंबर 2023 रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टिकलेली एक गुरुत्वीय लहर टिपली. सूर्याच्या सुमारे 140 पट आणि 100 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. बातमी गाजली ती या अवाढव्य आकड्यांमुळे. कणभौतिकीच्या दृष्टीने खरी गंमत वेगळीच होती. ही दोन्ही कृष्णविवरे स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरत होती, शक्य असलेल्या कमाल वेगाच्या सुमारे 80 ते 90 टक्के.

फिरण्याचा आणि कणांचा काय संबंध?

भौतिकशास्त्रात प्रत्येक मूलभूत कणामागे अवकाशभर पसरलेले एक ‘क्षेत्र’ असते. तळ्याचे पाणी म्हणजे क्षेत्र, तर त्यावरचा तरंग म्हणजे कण. हिग्ज क्षेत्राचा कण 2012 मध्ये सर्नच्या प्रयोगांत सापडला. पण अ‍ॅक्सिऑनसारखे काही संभाव्य कण इलेक्ट्रॉनच्या अब्जाव्या भागाच्याही अब्जाव्या भागाइतके हलके असू शकतात. डार्क मॅटर अशाच कणांचे बनलेले असेल, अशीही एक शक्यता आहे. ते इतर पदार्थांशी जवळपास बोलतच नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेत पकडणे महाकठीण. गुरुत्वाकर्षण मात्र कुणालाच सोडत नाही.

कण जितका हलका, तितकी त्याची लहर लांब. एवढ्या हलक्या कणाची लहर शेकडो किलोमीटरची, म्हणजे साधारण कृष्णविवराच्याच मापाची होते. अशी लहर फिरत्या कृष्णविवराजवळून जाताना त्याच्या फिरण्यातली थोडी ऊर्जा चोरते आणि बळकट होते. याला ‘सुपररेडियन्स’ म्हणतात. कणाला वस्तुमान असल्यामुळे ती दूर निसटत नाही, पुन्हा तिथेच घुटमळते, पुन्हा चोरते. चक्रवाढ व्याजासारखा कणांचा ढग फुगत जातो आणि कृष्णविवराचा वेग उतरतो.

म्हणजेच असे क्षेत्र असते, तर ती दोन कृष्णविवरे केव्हाच मंदावली असती. ती मंदावली नव्हती, म्हणून ठरावीक वस्तुमानाचे कण यादीतून बाद होतात.

अर्थात, यात एक मोठी अडचण आहे. कृष्णविवराचे वय कळत नाही. त्याला वेग नुकताच मिळाला असेल, तर ढग फुगायला वेळच मिळाला नसेल. शिवाय इतक्या छोट्या संकेतावरून वेग नेमका किती, हे गणिताच्या वेगवेगळ्या पद्धती थोडे वेगळे सांगतात.

दुसरा मार्ग थेट आहे. हा ढग स्वतःच एकाच सुराची, सतत चालणारी गुरुत्वीय लहर सोडेल. लायगोने ती शोधली, अजून सापडलेली नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया याच शोधात एक जास्तीचा कान ठरेल. लाखो सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे आणि त्याहून हलके कण यांची पाळी 2035 च्या सुमारास, युरोपची लिसा मोहीम अंतराळात गेल्यावर येईल.